निवृत्तीनंतरचं घर: आधी माळा, मग टाइल्स

ताई, कंत्राटदाराला दिलेली तारीख आधी पुढे ढकला. चार-सहा महिन्यांनी काम सुरू झालं तरी काही बिघडणार नाही.

तुमची परिस्थिती मला कळली ती अशी. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेतून ५८व्या वर्षी निवृत्त झालात, यजमान दोन वर्षांपूर्वी बँकेतून. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, इमारत चाळिशीला आलेली, लिफ्ट नाही. तुमचे गुडघे कुरकुरायला लागलेत. दापोली तालुक्यात सासरचं जुनं घर आहे. मुलगी जर्मनीत, मुलगा बंगळूरला. फंडाचे पैसे हातात आहेत तोवर बाथरूम, स्वयंपाकघर आणि घरभर टाइल्स एकदाच करून घ्याव्यात, की फ्लॅट विकून गावी जावं, असं तुम्ही विचारलंत. आणि पत्राच्या अगदी शेवटी एक वाक्य घातलंत, की घरात सामान फार झालंय. मी सुरुवात त्या वाक्यापासून करणार आहे.

मी आर्किटेक्ट आहे आणि बरीच वर्षं मुख्यतः ज्येष्ठांच्या राहत्या घरांत बदल करून देण्याचं काम करते. या कामात क्रम फार महत्त्वाचा असतो. सामान आहे तसं ठेवून काम काढलं की कंत्राटदार त्या सामानासाठी घर बांधतो. छतापर्यंत कपाटं येतात, माळ्याला नवी शटर्स लागतात, बेडखाली हायड्रॉलिकचं स्टोरेज येतं. पैसे संपतात आणि पलंग नि कपाट यांच्यातली वाट पूर्वीइतकीच, दीड फुटाची राहते. सामान आधी कमी केलं तर घरात नेमकी किती जागा आहे हे पहिल्यांदा दिसतं, आणि ठरवलेली निम्मी कामं बहुतेकदा लागतच नाहीत.

म्हणून पहिलं काम माळा. तुमच्या घरात तो स्वयंपाकघरावर आणि बाथरूमबाहेरच्या पॅसेजवर असणार. त्या काळच्या इमारतींत तिथेच असतो. वर काय असेल तेही मी साधारण सांगू शकते. पाहुण्यांच्या गाद्या, पाट, चौरंग, सासूबाईंचं घंगाळ आणि पिंप, गणपतीचं मखर, टीव्हीचे आणि मिक्सरचे रिकामे खोके, मुलांची दप्तरं. यातलं वर्षातून दोनदा तुम्हाला काहीतरी लागतं आणि त्यासाठी कुणीतरी स्टुलावर चढतं. साठीनंतर घरात हाडं मोडतात त्यात बाथरूमच्या खालोखाल ही स्टुलं मी पाहते. नियम एवढाच ठेवा: रोज किंवा महिन्यातून एकदा लागणारी प्रत्येक वस्तू गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली असली पाहिजे. माळ्यावर राहील ते फक्त वर्षातून एकदा लागणारं, हलकं, आणि ते काढायला बाहेरचा माणूस बोलवायचा. तुम्ही दोघांनी चढायचं नाही, यजमान कितीही म्हणाले तरी.

माळा एका दिवसात रिकामा करू नका. एक कप्पा उतरवून घ्या, हॉलमध्ये जुनी चादर अंथरून त्यावर मांडा आणि तीन-चार दिवस तसाच राहू द्या. येता-जाता नजर पडते, आठवणी निघतात, आणि तिसऱ्या दिवशी मन आपोआप तयार होतं. घाईने टाकलेली एखादी वस्तू पुढे वर्षभर मनाला लागून राहते आणि मग माणूस दुसरं काहीही टाकायला तयार होत नाही. एक पथ्य कडक पाळा: दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय काढायची नाही. यजमानांच्या बँकेतल्या डायऱ्या तुम्हाला कचरा वाटतील, तुमचे शाळेतले तक्ते आणि मुलांनी दिलेली भेटकार्डं त्यांना वाटतील. एकमेकांच्या ढिगाला हात लावायचा नाही. नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाच्या नोकरीच्या वस्तू तर पहिल्या वर्षी काढूच नयेत. त्या एका पेटीत भरून ठेवा. पुढच्या वर्षी ती पेटी तुम्हीच अर्धी कराल.

मुलांच्या वस्तूंसाठी फोटो काढा, दोघांना पाठवा आणि तारीख सांगा. दिवाळीपर्यंत कळवलं नाही तर आम्ही योग्य ठिकाणी देऊ, असं स्पष्ट लिहा. आईबापांच्या माळ्याला मुलं फुकटचं गोदाम समजतात, आणि आईबापही त्यात मुलं घरात असल्याचं समाधान मानतात. मला ते समजतं. पण जर्मनीत संसार मांडलेली मुलगी दहावीच्या वह्या न्यायला येणार नाही. तिची एक-दोन चित्रं, एक फ्रॉक आणि प्रगतिपुस्तकं ठेवली की पुरे.

देण्याच्या जागा आधी शोधून ठेवा, नाहीतर पिशव्या दारामागे महिनोन्‌महिने राहतात. तांब्या-पितळेची भांडी मोडीत द्यायची तर कसब्यातल्या तांबट आळीत आणि आणखी एका ठिकाणी भाव विचारा. पण एक-दोन भांडी मोडीत न देता रोजच्या वापरात आणा. घंगाळात गॅलरीतलं झाड लावा, पितळेच्या डब्याला कल्हई करून घ्या. मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. हत्यारं, कुलपं, जुन्या पंख्यांना तिथे अजून गिऱ्हाईक आहे. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था पुण्यात जुन्या वस्तू गोळा करते. काय घेतात, काय नाही, ते आधी फोनवर विचारून घ्या. कपडे देताना ते धुतलेले, बटणं लावलेले असावेत. फाटक्या साड्या कुणाला देऊ नका, त्यांच्या गोधड्या शिवून घ्या. त्या थंडीत दापोलीला लागतीलच.

पुस्तकांचं काम अवघड असतं. शहरातली मोठी ग्रंथालयं सरसकट पेट्या घेत नाहीत, त्यांच्याकडेही जागा नाही. गावोगावची ‘ड’ वर्गातली, म्हणजे सगळ्यात लहान, सार्वजनिक ग्रंथालयं मात्र चांगली पुस्तकं आनंदाने घेतात. तुम्ही ज्या तालुक्यात शिकवलंत तिथेच विचारा. आधी यादी पाठवा आणि त्यांनी निवडू द्या. जुनी गाइडं आणि वाळवी लागलेले अंक त्यांच्या गळ्यात मारू नका, ते सरळ रद्दीत. स्वतःसाठी पुन्हा वाचाल अशी पुस्तकं एका कपाटात मावतील एवढी ठेवा.

फोटोंसाठी थोडा वेळ राखून ठेवा. चिकट पानांचे जे अल्बम ऐंशी-नव्वदच्या दशकात घरोघर आले, त्यांत फोटो पिवळे पडतात आणि कागदाला कायमचे चिकटतात. ते काढता येतील तेवढे काढा, मागे मऊ पेन्सिलीने नावं आणि साल लिहा, मग स्कॅन करा. नावं लिहायचं काम यजमानांसोबत बसून करा, कारण सासरच्या जुन्या फोटोंतली माणसं ओळखणारे आता तेच उरलेत.

कागदपत्रांची एकच फाइल हवी: फ्लॅटचा करारनामा, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पेन्शनची पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), विमा, बँका, डॉक्टरांचे कागद. इन्कम टॅक्सचे आठ-दहा वर्षांचे कागद पुरतात; विजेची आणि फोनची जुनी बिलं निघू शकतात. ही फाइल कुठे आहे हे दोन्ही मुलांना माहीत असायला हवं. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. मुलगा दिवाळीला आला की त्याच्याकडून शिकून घ्या.

फ्लॅट आत्ताच मुलांच्या नावावर करावा, असं तुमच्या दिरांनी सुचवलंय. माझा सल्ला, करू नका. मृत्युपत्र करा. त्याला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली चांगली. बक्षीसपत्राने दिलेलं घर परत मिळवायची एक वाट ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात आहे, कलम २३. पण त्यासाठी सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं होतं हे दाखवावं लागतं, आणि स्वतःच्या मुलाविरुद्ध न्यायाधिकरणासमोर उभं राहण्याची वेळ कुणावर का यावी? तुमची मुलं चांगली आहेत हे मी मानूनच चालते. तरीही राहतं घर हयातीत आपल्याच नावावर असावं.

आता बाथरूम. सामान निघाल्यावर खर्च करायचाच तर तो सगळ्यात आधी इथे करा.

आपल्याकडे अंघोळ बादली-तांब्याने होते आणि नव्या डिझाइनच्या पुस्तकांत तिचा विचार नसतो. दोन-चार इंच उंचीच्या पाटावर बसून अंघोळ करणं म्हणजे ओल्या फरशीवर रोज एकदा गुडघे पूर्ण दुमडून उठणं. त्या पाटाऐवजी १७-१८ इंच उंचीचं, पायांना रबर असलेलं, रुंद बुडाचं स्टूल घ्या. बादली जमिनीवर ठेवली तर त्या उंचीवरून वाकावं लागेल, म्हणून तिच्यासाठी भिंतीलगत फूटभर उंच ओटा बांधून घ्या, आणि नळ अशा उंचीवर की बादली ओट्यावरच भरेल. भरलेली बादली कुणी उचलायची नाही. हँड शॉवर बसवलात तर उत्तम, पण सवय नसेल तर तो नुसता टांगून राहतो. बादलीचा ओटा मात्र पहिल्या दिवसापासून वापरात येतो.

धरायचे बार दीड इंच व्यासाचे, भिंतीपासून दोनेक इंच सुटे. एक उभा दाराजवळ, आत पाऊल टाकताना धरायला. एक कमोडशेजारी इंग्रजी एल अक्षरासारखा. एक अंघोळीच्या जागी. टॉवेलचा रॉड म्हणजे बार नव्हे. घसरताना माणूस तोच पकडतो आणि तो स्क्रूसकट हातात येतो. तुमच्या इमारतीत आतल्या भिंती चार इंची विटांच्या असतील. तिथे प्लास्टिकच्या गुट्ट्या चालत नाहीत, लांब अँकर (भिंतीत खोल जाणारा बोल्ट) किंवा रसायनाने घट्ट बसवलेला केमिकल अँकर लागतो. बसवल्यावर कंत्राटदाराला दोन्ही हातांनी बार धरून स्वतःचं सगळं वजन टाकायला सांगा. तो कचरला तर काम पुन्हा करायला लावा.

कमोडची उंची बैठकीसकट १७ ते १९ इंच असावी. जुने कमोड पंधरा-सोळा इंचांचे असतात आणि त्या दोन-तीन इंचांतच उठणं अडतं. भिंतीवर टांगायचा कमोड हव्या त्या उंचीवर लावता येतो, पण चार इंची भिंत ते वजन घेणार नाही, त्याला आतून लोखंडी फ्रेम लागते. एवढा व्याप नको असेल तर आहे त्या कमोडवर उंच बैठक बसते.

दार बाहेर उघडणारं करा. माणूस आत पडला की आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि बाहेरच्याला आत जाता येत नाही. कडी बाहेरून नाण्याने उघडेल अशी. दाराची रुंदी शक्य असेल तर वाढवा. तुमचं सव्वादोन-अडीच फुटांचं असेल, व्हीलचेअरला तीन फूट लागतात. आज तिचा विचार नकोसा वाटतो. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काही आठवडे वॉकर असतोच, आणि तोही अरुंद दारातून सरळ जात नाही.

फरशी खरखरीत मॅट, आणि टाइल्स लहान मापाच्या घ्या. लहान टाइलला सांधे जास्त, म्हणून पाय जास्त धरतो. जमीन आणि भिंत एकाच पांढऱ्या रंगात करायची सध्या पद्धत आहे, तिला नाही म्हणा. साठीतल्या डोळ्याला विशीतल्या डोळ्याच्या दुप्पट-तिप्पट उजेड लागतो, कारण बाहुली लहान होते आणि आतलं भिंग पिवळट, गढूळ होत जातं. पांढऱ्यावर पांढरा कमोड, पांढरा उंबरा, पांढरा ओटा, अशाने कडा दिसतच नाही. जमीन गडद, कमोड पांढरा, उंबऱ्याला वेगळा रंग. पलंगापासून कमोडपर्यंत रात्री आपोआप लागणारे छोटे दिवे गुडघ्याच्या उंचीवर लावा. ते स्वस्त आहेत आणि आजच लावता येतील.

घरभरच्या टाइल्स बदलायचं मात्र मनातून काढा. तुमच्याकडे जुनी मोझॅक आहे. ती चकचकीत व्हिट्रिफाइडपेक्षा पायाला कितीतरी बरी. पॉलिश न करता नुसती घासून घ्या आणि पायपुसणी, सुट्या सतरंज्या उचला.

स्वयंपाकघरात डोक्यावरची कपाटं कमी करा, ओट्याखाली दारांऐवजी ओढायचे ड्रॉवर करा, आणि बसून भाजी चिरता येईल अशी एक जागा ठेवा. याहून जास्त खर्च तिथे नको, आणि त्याचं कारण तुमच्या इमारतीत आहे.

चाळीस वर्षांची, बिनलिफ्टची, कोथरूडमधली इमारत पुनर्विकासाला जाण्याची शक्यता बरीच असते. शासनाच्या जुलै २०१९ च्या निर्देशांनंतर एकूण सभासदांपैकी ५१ टक्के संमतीवर सोसायटीला पुढे जाता येतं. तुमच्या सोसायटीत बोलणं कुठवर आलंय ते सेक्रेटरींना नीट विचारा. चार-पाच वर्षांत इमारत पडणार असेल तर मॉड्युलर किचनवर लाखो रुपये घालण्यात अर्थ नाही. बार, स्टूल, दिवे, दार एवढंच करा. मग भाड्याने राहायची वेळ येईल तेव्हा लिफ्टचंच घर घ्या, आणि नव्या इमारतीचा आराखडा होत असताना बाथरूमचं दार तीन फुटांचं आणि बाहेर उघडणारं असं लिहून मागा. भिंती उभ्या राहिल्यावर मागितलं तर कुणी ऐकत नाही. तोवर जिन्याच्या दोन्ही बाजूंना कठडा आणि पायऱ्यांच्या कडेला रंगाचे पट्टे सोसायटीकडून करून घ्या. सभेत विषय मांडलात तर तुमच्याच वयाची चार माणसं पाठिंबा देतील. प्रत्येक मजल्यावर एक घडीची खुर्ची ठेवली तर बाजाराच्या पिशव्या घेऊन वर येणं सुसह्य होतं. पुनर्विकास दूर असेल आणि गुडघेदुखी वाढत चालली असेल, तर जवळपास लिफ्टच्या इमारतीत थोडा लहान फ्लॅट बघायला हरकत नाही. त्यावर मला तुमच्या डॉक्टरांचं मत आधी हवं.

दापोलीबद्दल तुम्ही फार ओढीने लिहिलंत. घर सोडू नका, पण फ्लॅट विकूही नका. आधी एक अख्खा पावसाळा तिथे राहून बघा. मे महिन्यात आणि गणपतीत दिसणारं गाव वेगळं, जुलैतलं वेगळं. रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. गादी, कपडे, कागद, सगळ्याला ओल येते. दुपारी चारला घरात दिवा लावावा लागतो. वरंध घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो, मग पुण्याला यायचं तर ताम्हिणी घाटाने. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे विजेविना होती आणि कौलं मिळत नव्हती. तुमच्या घराचं तेव्हा काय झालं, दुरुस्ती कुणी केली, ते यजमानांना आठवत असेल. दरवर्षी कौलं चाळून देणारा तो माणूस आजही गावात आहे का, हे सगळ्यात आधी विचारा.

तिथल्या घराला उंच जोतं असणार. दोन फुटांच्या जोत्याला रॅम्प करायचा तर एकास बारा (एक फूट चढाला बारा फूट लांबी) या उताराने २४ फूट लांबी लागते, आणि तेवढ्यात तुमचं अंगण संपेल. त्यापेक्षा सध्याच्या उंच पायऱ्यांच्या जागी पाच-साडेपाच इंच चढाच्या, फूटभराहून रुंद पायऱ्या चिऱ्यात बांधा आणि दोन्ही बाजूंना कठडा द्या. चिऱ्यावर पावसात शेवाळ धरतं, ते दर आठवड्याला खरवडायला माणूस ठरवा. संडास मागच्या अंगणात असेल तर तिथे राहायला जाण्याआधी पहिलं काम ते: मागच्या पडवीचा कोपरा बंद करून आत कमोड. रात्री पावसात छत्री नि बॅटरी घेऊन अंगण ओलांडणं या वयात नको.

आणि आता मी जरा आग्रहाने सांगते. पुण्याच्या माळ्यावरून उतरलेलं सामान दापोलीला पाठवू नका. गावी जागा आहे, राहू दे तिथे, असं म्हणत कोकणातली किती घरं पुण्या-मुंबईच्या नको असलेल्या सोफ्यांनी आणि फ्रिजांनी भरलीत ते मी पाहिलंय. प्लायवूड तिथे पहिल्या पावसात फुगतं, लोखंडी कपाट गंजतं, पुस्तकांना बुरशी आणि वाळवी लागते, आणि ओटीवर बसायला जागा उरत नाही. तिथे स्टीलची भांडी, सागवानी किंवा फणसाच्या लाकडाचं जे जुनं घरात आहे ते, दोन चांगल्या गाद्या आणि इन्व्हर्टर, एवढं पुरतं. दोन्ही घरं ठेवायची तर, बघण्यासाठी काढलेला तो एक पावसाळा सोडून, पहिली दोन वर्षं पावसाळा पुण्यात आणि नोव्हेंबर ते मे गावी अशी वाटणी मला योग्य वाटते. औषधं, चष्मा, चार्जर, कपडे दोन्हीकडे वेगळे ठेवा, म्हणजे प्रत्येक खेपेला गाडी भरावी लागणार नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण प्रत्येक घरात ती निघते. आजवर दिवसभर कुणीतरी बाहेर असायचं. आता दोघंही घरात. हॉलमध्ये एक टीव्ही आणि समोर एक सोफा असेल तर सहा महिन्यांत चिडचिड सुरू होते. सामान निघालं की मुलांच्या खोलीतला पलंग हलवा आणि ती खोली तुमची करा: हातांची खुर्ची, बैठक १७-१८ इंचांवर, शेजारी वाचायचा दिवा, दार लावून घेता येईल असं. यजमानांची खुर्ची हॉलमध्ये किंवा गॅलरीत. पाहुण्यांसाठी घडीचा पलंग असतोच, आणि ते वर्षातले आठ दिवस येतात. गॅलरी काचा लावून बंद करून घेण्याचा विचार असेल तर सोडून द्या. सकाळचं ऊन बसल्या जागी मिळणारी घरातली ती एकच जागा आहे.

दिवाळीनंतर, माळा रिकामा झाला आणि सोसायटीचं उत्तर मिळालं की कंत्राटदाराला बोलवा. दोन बाथरूम असतील तर एका वेळी एकच काढायचं. फरशी फोडणार असाल तर वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी तुंबवून निदान दोन दिवस ठेवायचं, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना त्यांचं छत बघायला सांगायचं, मगच टाइल्स लावू द्यायच्या. ही अट, बारवर वजन टाकून दाखवायची अट आणि दार बाहेर उघडण्याची अट कोटेशनवर लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता या तिन्ही गोष्टी स्वतः पाहिल्यावरच द्या.